बंदिस्त वर्ग उघडतो कसा? मेनोनाइटांच्या जागतिक संघटनेची शंभर वर्षे

स्वातंत्र्य, समता, बंधुता या तीन शब्दांपैकी पहिल्या दोहोंवर आपण पोटतिडकीने बोलतो. तिसरा शब्द भाषणाच्या शेवटी, टाळ्यांच्या आधी येतो. बंधुता म्हणजे एकमेकांशी गोड वागणे, अशी आपली समजूत करून दिली गेली आहे. बाबासाहेबांना मात्र बंधुता आणि लोकशाही या दोन निराळ्या गोष्टी वाटत नव्हत्या. मग साधा प्रश्न विचारू. जी माणसे बंधुतेच्या नावाने संघटना काढतात, ती खुर्ची, कचेरी आणि तिजोरी वाटून घेतात का? की "आपण सारे भाऊ" म्हणत किल्ल्या स्वतःच्याच कंबरेला ठेवतात?

या प्रश्नासाठी आम्ही जरा लांबचे उदाहरण घेतले आहे. युरोपात पाचशे वर्षांपूर्वी अ‍ॅनाबॅप्टिस्ट नावाचा एक पंथ निघाला. त्याची आजची मुख्य शाखा म्हणजे मेनोनाइट, आणि त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना म्हणजे मेनोनाइट वर्ल्ड कॉन्फरन्स. ही संघटना १९२५ साली सुरू झाली. आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांनी तिचे नाव ऐकले असेल. पण तिच्या इतिहासात जे घडले ते आपल्याला ओळखीचे वाटेल, कुठे कुठे तर अस्वस्थ होण्याइतके ओळखीचे.

सुरुवात झुरिचपासून करू. जानेवारी १५२५. झ्विंग्लीच्या नेतृत्वाखाली शहरात धर्मसुधारणा चालू होती, पण सुधारणा किती आणि कधी हे नगरपरिषद ठरवत होती. काही तरुणांना हे मान्य नव्हते. त्यांचे म्हणणे असे की तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणे खोटे आहे, कारण बाळाने काहीच ठरवलेले नसते. परिषदेने हुकूम काढला की आठ दिवसांत मुलांना बाप्तिस्मा द्या, नाहीतर हद्दपार व्हा. २१ जानेवारीच्या संध्याकाळी हे लोक एका घरी जमले. तिथे कॉनराड ग्रेबेल याने जॉर्ज ब्लाउरॉक याला बाप्तिस्मा दिला. ब्लाउरॉक हा दीक्षित पुरोहित होता. ग्रेबेलला कुठलाही धार्मिक अधिकार नव्हता, तो एका नगरसेवकाचा शिकलेला मुलगा, एवढेच. म्हणजे पुरोहिताने अ-पुरोहिताकडून दीक्षा घेतली. या एका कृतीत किती स्फोटक होते, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

त्या काळी बालबाप्तिस्मा हा नुसता धार्मिक विधी नव्हता. जन्म झाला की चर्चच्या वहीत नाव चढायचे, आणि ते नाव म्हणजे त्या राज्याची प्रजा, त्या परगण्याचा करदाता. झुरिचच्या आसपासच्या विटिकॉन, झोलिकॉनसारख्या गावांत आधीपासूनच वाद पेटला होता. आमच्या शेतातला दशांश शहरातल्या मोठ्या चर्चला का जावा, आमचा पाळक आम्ही का निवडू नये, असे गावकरी विचारत होते. पहिली अ‍ॅनाबॅप्टिस्ट मंडळी झोलिकॉनलाच उभी राहिली, हा योगायोग नाही. माणूस समाजाचा सभासद जन्माने होतो की निर्णयाने, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि राज्यकर्त्यांना घाम फुटला. १५२६ मध्ये झुरिचने पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्यांना बुडवून मारण्याची शिक्षा ठरवली. ५ जानेवारी १५२७ रोजी फेलिक्स मान्झला हातपाय बांधून लिम्मात नदीत बुडवले. १५२९ मध्ये स्पायरच्या शाही सभेने साऱ्या साम्राज्यात अशा लोकांना देहदंड लावला. त्या वर्षी ब्लाउरॉकलाही जिवंत जाळले. अ‍ॅनाबॅप्टिस्ट, म्हणजे "पुन्हा बाप्तिस्मा करणारे", हे नाव त्यांचे स्वतःचे नव्हे. ते शत्रूंनी शिवीसारखे दिले होते.

नेतृत्वाचा प्रश्न या लोकांनी कसा सोडवला ते पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी १५२७ मध्ये श्लाइटहाइम या गावी त्यांची बैठक झाली आणि सात कलमे ठरली. त्यातले एक कलम पाळकाबद्दल आहे. पाळक मंडळीने निवडावा, चुकला तर साक्षीदार घेऊन त्याला जाब विचारता यावा, आणि त्याला हद्दपार केले किंवा मारले तर त्याच घटकेला दुसऱ्याची नेमणूक व्हावी. त्याच घटकेला! ज्यांच्या प्रत्येक पुढाऱ्याच्या डोक्यावर फाशी टांगलेली आहे, अशा लोकांनीच हे कलम लिहावे. बैठकीचा प्रमुख मायकल सॅटलर तीन महिन्यांत मारला गेला. चळवळ एका माणसाच्या श्वासावर चालू ठेवायची नाही, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते.

याच पंथात उलटे उदाहरणही घडले. जर्मनीतील म्युन्स्टर शहर १५३४ मध्ये अ‍ॅनाबॅप्टिस्टांच्या एका गटाच्या हाती आले. तिथे यान मॅथाइस हा प्रेषित झाला, आणि तो मेल्यावर यान फॉन लायडन याने स्वतःला राजा घोषित केले. त्याने अनेक बायका केल्या आणि विरोधकांची मुंडकी उडवली. "नवे यरुशलेम" म्हणता म्हणता एका माणसाचे दरबारी राज्य उभे राहिले. १५३५ च्या जूनमध्ये शहर पडले. राजाला आणि त्याच्या दोन साथीदारांना हालहाल करून मारले आणि त्यांची प्रेते लोखंडी पिंजऱ्यांत घालून सेंट लँबर्ट चर्चच्या मनोऱ्यावर टांगली. ते तीन पिंजरे आजही तिथे आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल जो इशारा दिला, तो ज्यांना अजून पुस्तकी वाटतो त्यांनी म्युन्स्टरचा तो मनोरा पाहावा. या आपत्तीनंतर विखुरलेल्या लोकांना सावरले ते फ्रिसलंडच्या मेनो सिमन्स या माजी पुरोहिताने. १५३६ मध्ये त्याने आपले पद सोडले. त्याने शस्त्र नाकारले, राजेपण नाकारले. मेनोनाइट हे नाव त्याच्यावरूनच पडले.

इथपर्यंतचा इतिहास मेनोनाइट स्वतः अभिमानाने सांगतात. पुढचा भाग ते अलीकडे सांगू लागले आहेत, आणि आमच्या मते खरा धडा तिथेच आहे.

छळ टाळण्यासाठी हे लोक आडबाजूला सरकत गेले. काही स्वित्झर्लंडच्या डोंगरांत गेले, काही विस्चुला नदीच्या मुखाशी, काही अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात. रशियाच्या कॅथरीन राणीने वसाहतीसाठी परदेशी शेतकऱ्यांना बोलावले तेव्हा १७८९ पासून बरेच जण दक्षिण युक्रेनात गेले. जमीन मिळाली, सैन्यसेवेतून सूट मिळाली, स्वतःची शाळा, स्वतःची भाषा, स्वतःचा कारभार मिळाला. शंभर वर्षांत ही माणसे सधन झाली. आजूबाजूचे युक्रेनी शेतकरी त्यांच्या शेतावर मजूर म्हणून राबत होते. लग्ने आपसातच होत होती. फ्रिझेन, पेनर, रायमर, क्लासेन अशी ठरावीक आडनावे झाली आणि आडनावावरून माणूस "आपला" की नाही हे कळू लागले. आजही दोन मेनोनाइट भेटले की आडनावे, आजोळ, गाव विचारत नाते शोधण्याचा त्यांचा एक आवडता खेळ असतो. आपल्याकडे "पूर्ण नाव काय?" या प्रश्नामागे काय असते ते आपण जाणतो.

१९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीची व्याख्या केली होती की जात म्हणजे बंदिस्त झालेला वर्ग, आणि त्याला कुलूप लावणारी गोष्ट म्हणजे सजातीय विवाह. हे भिंग घेऊन युक्रेनातल्या मेनोनाइट वसाहतीकडे पाहा. तिथे अस्पृश्यता नव्हती, श्रेणीबद्ध विषमतेचे शास्त्र नव्हते, त्यामुळे तिला जात म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण बंदिस्त वर्ग मात्र ती पुरेपूर होती. माणूस जन्माने सभासद होत नाही असे म्हणत ज्यांचे पूर्वज नदीत बुडाले, त्यांच्याच वंशजांत मेनोनाइट असणे ही जन्माची गोष्ट झाली होती. बाप्तिस्मा मोठेपणीच होत असे. पण तो कुणाला मिळणार हे पाळण्यातच ठरलेले असे.

बंदिस्त वर्गाला आतली शिस्त टिकवायला एक हत्यार लागते. त्यांच्याकडे ते श्लाइटहाइमच्या कलमांपासून होते. ते हत्यार म्हणजे बहिष्कार. चुकलेल्याला मंडळीतून काढायचे, काही ठिकाणी त्याच्याबरोबर जेवायचेही नाही. हा बहिष्कार किती कडक असावा यावरून १६९३ मध्ये याकोब आमान वेगळा झाला आणि आमिश पंथ निघाला. महाराष्ट्रात २०१६ साली वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा करावा लागला, त्या आपल्या राज्यातल्या वाचकाला हे प्रकरण लगेच समजेल. शांततावादी म्हणून जगभर नाव असलेले हे लोक आपसात मात्र सतत फुटत राहिले. कोटाला बटण असावे की आकडा, रविवारची शाळा असावी की नाही, अशा वादांनीही त्यांच्यात गट पडले. म्हणजे गटबाजी ही काही फक्त आपलीच मक्तेदारी नाही.

अशा विखुरलेल्या, आपसात रुसलेल्या लोकांना ख्रिश्चन नेफ या जर्मन पाळकाने जून १९२५ मध्ये बासेल येथे एकत्र बोलावले. निमित्त होते झुरिचच्या घटनेला चारशे वर्षे झाल्याचे. शंभरेक माणसे आली असतील. बहुतेक जर्मन-स्विस, भाषा जर्मन. दुसरी बैठक १९३० मध्ये डान्झिगला झाली आणि ती सर्वस्वी मदतकार्यासाठी होती. स्टालिनच्या सामूहिकीकरणाला घाबरून १९२९ च्या अखेरीस हजारो मेनोनाइट कुटुंबे मॉस्कोच्या वेशीवर परवान्यासाठी जमली होती. बऱ्याच जणांना परत नेऊन देशोधडीला लावले गेले. काही हजार बाहेर पडले. त्यांना कुठे वसवायचे, पैसा कसा उभा करायचा, याचा विचार डान्झिगला झाला. भावाने भावासाठी धावून जावे तसे ते धावले. हे खरेच मोठे काम होते.

पण भाऊ कोण? जर्मन बोलणारा, आपल्या आडनावाचा, आपल्या रक्ताचा. पुढच्या काही वर्षांत या रक्ताच्या नात्याने त्यांना कुठे नेले ते पाहा. जर्मनीतील मेनोनाइटांच्या मुख्य संघटनेने हिटलर सत्तेवर येताच शस्त्र न उचलण्याचे तत्त्व सोडून दिले. नात्झी वंशशास्त्रज्ञांना तर हे लोक म्हणजे शतकानुशतके आपसात लग्न करून "शुद्ध" राहिलेल्या जर्मन रक्ताचा नमुना वाटत होते, आणि त्या कौतुकाने अनेक मेनोनाइट सुखावले. डान्झिगजवळच श्टुटहोफची यातनाछावणी उभी राहिली. तिथले कैदी आसपासच्या शेतकऱ्यांना मजूर म्हणून पुरवले जात, आणि त्या शेतकऱ्यांत मेनोनाइटही होते. बंधुतेला रक्ताची सीमा घातली की ती कुणाच्या बाजूला जाऊन उभी राहते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट दक्षिण अमेरिकेतली. रशियातून सुटलेल्यांपैकी काही जणांना १९३० मध्ये पॅराग्वेच्या चाको प्रदेशात वसवले गेले. कॅनडातून आलेल्या मेनोनाइटांची एक वसाहत तिथे तीन वर्षे आधीच झाली होती. नकाशावर तो प्रदेश रिकामा दाखवला होता. प्रत्यक्षात तिथे एन्लहेत आणि इतर आदिवासी राहत होते. निर्वासितांनी हाल सोसले, दुष्काळ पाहिला, आणि दोन पिढ्यांत सहकारी संस्था, दुग्धव्यवसाय, पशुपालन यांच्या जोरावर तो सारा प्रदेश आपल्या हातात आणला. जमिनीचे जुने धनी त्यांच्या शेतांवर मजुरी करू लागले. मग त्या मजुरांना मिशनने ख्रिस्ती केले. तेही मेनोनाइट झाले, पण त्यांच्या मंडळ्या वेगळ्या राहिल्या. मालक आणि मजूर एकाच पंथाचे, एकाच जागतिक संघटनेच्या छताखाली. या वसाहतीच्या मुख्य गावाचे नाव फिलाडेल्फिया. या ग्रीक शब्दाचा अर्थच आहे बंधुप्रेम.

गावकुसाबाहेरच्या माणसाला यावर भाष्य लागत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर संघटनेचे केंद्र अमेरिकेकडे सरकले. १९४८ चे अधिवेशन अमेरिकेत झाले, हॅरल्ड बेंडर अध्यक्ष झाला. त्याने इतिहासलेखनातून मेनोनाइटांना त्यांचे सोळावे शतक परत मिळवून दिले, पण व्यासपीठ गोऱ्यांचेच राहिले. दरम्यान मिशनऱ्यांनी पेरलेले उगवत होते. भारतातच पाहा. १८८९ च्या सुमारास रशियातील मेनोनाइट ब्रदरन चर्चचे अब्राहम फ्रिझेन हे पत्नीसह आजच्या तेलंगणातील नलगोंड्याला आले. १८९९ मध्ये अमेरिकन मेनोनाइट मिशनची माणसे दुष्काळाच्या तोंडावर आजच्या छत्तीसगडमधील धमतरीला पोचली. तेलंगणात नलगोंडा, महबूबनगर भागात जे लोक मंडळीत आले ते मुख्यतः माला आणि मादिगा, म्हणजे गावकुसाबाहेरचे. आज भारतातील सर्वांत मोठी मेनोनाइट मंडळी हीच आहे. इतर मंडळ्यांप्रमाणे इथेही दीर्घकाळ मिशनरी साहेब वर, स्थानिक उपदेशक खाली, आणि जमीन-इमारतींची कागदपत्रे साहेबाच्या कपाटात, अशीच रीत होती. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती लोकांच्या स्थितीवर लिहिताना विचारले होते की ख्रिस्ती झाल्यावर जात गेली का, आणि आपल्या हक्कांसाठी हा माणूस चळवळीत का दिसत नाही. त्या प्रश्नाला मिशनच्या अहवालांत उत्तर नव्हते.

बदल १९७२-७३ च्या सुमारास सुरू झाला. १९७२ चे अधिवेशन ब्राझीलमध्ये, कुरिचिबाला होते आणि तिथे लष्करी हुकूमशाही चालू होती. अशा देशात जाऊन बंधुतेची गाणी म्हणायची का, असा आक्षेप डच मेनोनाइटांनी घेतला. भांडण झाले. आम्हाला विचाराल तर तेच त्या अधिवेशनाचे सर्वांत चांगले फलित. त्यानंतर १९७३ मध्ये इथिओपियाचे मिलियन बेलेटे अध्यक्ष झाले. युरोप-अमेरिकेबाहेरचे ते पहिलेच. त्यांच्यानंतर इंडोनेशियाचे चार्ल्स क्रिस्तानो. पुढे अर्जेंटिना, पुन्हा इंडोनेशिया, झिंबाब्वे. २००३ मध्ये नॅन्सी हाइसी ही पहिली स्त्री अध्यक्ष झाली.

हे वाचून लगेच टाळी वाजवू नका. अध्यक्ष सहा-सहा वर्षांनी बदलत होते, पण रोजचा कारभार चालवणारा सरचिटणीस? तो उत्तर अमेरिकेचाच. कॉर्नेलियस डिक, मग पॉल क्रेबिल, मग लॅरी मिलर. पत्रव्यवहार, हिशेब, कार्यक्रमपत्रिका, कुणाला बोलवायचे आणि कुणाचा अर्ज मागे ठेवायचा, हे सारे त्या टेबलावर ठरते. व्यक्ती म्हणून हे तिघे चांगलेच असतील, मुद्दा तो नाही. राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंचाच्या शेजारी बसून "तुम्ही फक्त सही करा" म्हणणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना कळेल की खुर्ची आधी सुटते, कचेरी शेवटी. मेनोनाइटांनी ही कचेरी सोडायला १९७३ नंतर ३९ वर्षे घेतली. २०१२ मध्ये कोलंबियाचे सेझार गार्सिया सरचिटणीस झाले आणि मुख्य कार्यालय फ्रान्समधील स्ट्रासबुर्गहून बोगोटाला गेले. आज बोगोटाबरोबर कॅनडातील किचनर येथेही कार्यालय आहे. कचेरीचा अर्धा पाय पुन्हा उत्तरेकडे वळला, असे कुणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही.

ही खुर्ची उपकार म्हणून मिळाली का? बेलेटे यांच्या देशातली गोष्ट पाहिली की कळते, नाही. इथिओपियातील मेसेरेते क्रिस्तोस मंडळीवर १९८२ मध्ये देर्ग या लष्करी-मार्क्सवादी राजवटीने बंदी घातली. इमारती जप्त झाल्या, बँकखाती गोठली, प्रमुख नेते तुरुंगात गेले, काही तर वर्षानुवर्षे आतच राहिले. तेव्हा सभासद होते सुमारे ५,०००. मंडळी घराघरांत गेली. पाच-सात जणांचे गट झाले, एक गट दुसऱ्याला ओळखत नसे, गटप्रमुख पकडला गेला की दुसरा तयार असे. स्त्रियांनी या कामाचा मोठा भार उचलला, कारण दोन बायका एखाद्या घरी भेटल्या तर हेरांना संशय येत नसे. १९९१ मध्ये राजवट कोसळली आणि लोक उजेडात आले, तेव्हा ते ३०,००० हून जास्त भरले. नेते तुरुंगात, इमारती कुलुपात, आणि संख्या सहापट! श्लाइटहाइमचे "त्याच घटकेला दुसरा" हे कलम युरोपात तोवर संग्रहालयात जाऊन बसले होते. आदिस अबाबाच्या गल्ल्यांत ते जिवंत झाले. आज ही मंडळी या संघटनेतील सर्वांत मोठ्या मंडळ्यांपैकी एक आहे.

आता आकडे पाहू. २०१८ च्या गणनेप्रमाणे जगात ८६ देशांत सुमारे २१ लाख बाप्तिस्मा घेतलेले अ‍ॅनाबॅप्टिस्ट होते. त्यातले दोन तृतीयांशाच्या आसपास आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतले. ज्या युरोपात सारे सुरू झाले तिथे मूठभर उरले आहेत. म्हणजे बहुसंख्य एकीकडे, पैसा दुसरीकडे. यावर संघटनेने काय तोड काढली?

कार्यकारिणीत पाच खंडविभागांतून प्रत्येकी दोघे निवडले जातात. मूठभर युरोपचेही दोन, लाखोंच्या आफ्रिकेचेही दोन. त्यांच्या वर असलेल्या महापरिषदेत दर देशाच्या मंडळीचे मोजके प्रतिनिधी येतात, मोठ्या मंडळीचे थोडे अधिक. ती दर तीन वर्षांनी भरते आणि निर्णय शक्यतो मतदानाने नव्हे, सहमतीने घेते. सहमतीची पद्धत ऐकायला छान वाटते, पण आमचा अनुभव असा की सहमतीत ज्याचा आवाज सवयीने मोठा असतो त्याचेच बहुधा चालते, आणि कामकाज इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच या तीन भाषांत असेल तर तेलुगू बोलणाऱ्याने सहमती दाखवायची कशी? तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नात्झी काळापर्यंत ज्या टेबलाभोवती एकाच भाषेची, एकाच वंशाची माणसे बसत होती, त्या टेबलाभोवती आज कांगो, इंडोनेशिया, होंडुरास आणि भारत बसतात.

पैशाची तोड आम्हाला सर्वांत लक्षणीय वाटली. प्रत्येक मंडळीने किती वर्गणी द्यायची हे दोन गोष्टींवरून काढतात : तिचे सभासद किती, आणि त्या देशाचे दरडोई उत्पन्न किती. त्यामुळे गरीब देशातली मंडळी देणगी घेणारी न राहता आपला वाटा भरणारी सभासद होते. वाटा लहान असेल, पण सभेत विचारायचा हक्क त्यातून येतो. आणि दरवर्षी २१ जानेवारीच्या आसपासच्या रविवारी जगभरच्या मंडळ्या सहभागितेचा दिवस पाळतात. त्या दिवसाची प्रार्थना आणि साहित्य आळीपाळीने एकेका खंडाकडून येते. त्या दिवशी प्रत्येकाने एक वेळच्या जेवणाइतके पैसे द्यावेत अशी विनंती असते. स्वतःच्या गावात एका जेवणाला जितके लागतात तितके. टोरांटोतल्या माणसाचे जेवण आणि महबूबनगरच्या शेतमजुराचे जेवण, रकमेत केवढे अंतर! पण दोघांनी एकेक जेवणच दिलेले असते. आपल्याकडे विहारासाठी, जयंतीसाठी वर्गणी गोळा करताना पावतीवरच्या आकड्यावरून माणसाची बसायची जागा ठरवणाऱ्यांनी या हिशेबाकडे जरूर पाहावे.

त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की या संघटनेला आपल्या सभासद मंडळ्यांना हुकूम सोडायचा अधिकार नाही. चाकोतल्या मालकाला ती जमीन परत दे म्हणू शकत नाही. स्त्रियांना पाळकपद द्यायचे की नाही यावर तिच्या मंडळ्यांत आजही एकमत नाही. २००६ मध्ये तिने समान श्रद्धांची सात छोटी कलमे मंजूर केली. ती सर्वांना झेपतील इतकी मोघम आहेत. कुणी म्हणेल, मग या बंधुतेचा उपयोग काय? आमच्या मते उपयोग एवढाच की मालक आणि मजूर यांना एकमेकांसमोर बसवणारे टेबल तरी आहे. टेबल म्हणजे न्याय नव्हे. पण टेबलच नसेल तर न्याय मागायचा कुणापुढे?

जानेवारी १९९७ मध्ये हे टेबल भारतात मांडले गेले. संघटनेचे अधिवेशन कोलकात्याला झाले आणि यजमान होत्या भारतातील मंडळ्या. देशोदेशीचे लोक जेवायला एका पंगतीत बसले. त्या पंगतीतून उठून तेलंगणातला माला किंवा मादिगा ख्रिस्ती माणूस घरी परतला, तेव्हा त्याची वाट कोण पाहत होते? १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश. त्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना, १९५६ मध्ये शिखांना, आणि लढून लढून १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती दलिताला आजही नाही. चर्च म्हणते आमच्यात जात नाही. सरकार म्हणते तुमच्या धर्मात जात नाही. गाव म्हणते, तू कोण ते आम्हाला माहीत आहे. आणि खुद्द तेलुगू चर्चमध्ये माला-मादिगा वाद पदांवरून, जागांवरून चालूच असतो. जागतिक बंधुता ज्या ठिकाणी लंगडी पडते ते हे ठिकाण. झुरिच, बासेल, बोगोटा ओलांडून आलेली ही सहभागिता महबूबनगरच्या वाड्या-वस्त्यांत आली की तिला रोटी-बेटीच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. हा प्रश्न परदेशी पाहुण्याला सोडवता येत नाही.

एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. सोळाव्या शतकात अ‍ॅनाबॅप्टिस्टांच्या छळाला ल्यूथरच्या अनुयायांनीही धर्मशास्त्राचा आधार दिला होता. त्यांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात अ‍ॅनाबॅप्टिस्टांचा नाव घेऊन धिक्कार आहे. २२ जुलै २०१० रोजी जर्मनीत श्टुटगार्ट येथे ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशनने या छळाबद्दल जाहीर क्षमा मागितली. मारले गेलेले स्विस, जर्मन, डच होते. मग ही क्षमायाचना स्वीकारायला कोण उभे राहिले? संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष, झिंबाब्वेचे बिशप दानिसा एन्द्लोवू. एक काळा आफ्रिकन माणूस फेलिक्स मान्झचा वारस म्हणून उभा होता. त्याने ल्यूथरन अध्यक्षांना भेट दिली ती पाय धुण्याच्या लाकडी टोपाची. एकमेकांचे पाय धुणे ही या पंथाची जुनी रीत आहे.

वारसा रक्ताने येत नाही, हे त्या सभागृहात कुणी भाषणात सांगितले नसेल. सांगायची गरजही नव्हती. एन्द्लोवूंच्या आडनावाचा कुणीही १५२५ मध्ये झुरिचला नव्हता.

इथे आपल्याकडे वळून एक प्रश्न टाकणे भाग आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला जे उभे होते त्यांनी ठरवून, कळून, प्रतिज्ञा उच्चारून जुना धर्म टाकला. ती मोठ्या माणसांची दीक्षा होती. आपण त्यांची तिसरी-चौथी पिढी. आपल्यातल्या किती जणांच्या बाबतीत बौद्ध असणे हा निर्णय आहे, आणि किती जणांच्या बाबतीत शाळेच्या दाखल्यावरचा रकाना? दुसऱ्या जातीतून, दुसऱ्या प्रांतातून कुणी धम्मात आला तर आपल्या संस्थांत त्याला सचिवपद मिळते, की फक्त व्यासपीठावरची खुर्ची?

२९ मे २०२५ रोजी पाचशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने जगभरचे अ‍ॅनाबॅप्टिस्ट झुरिचला जमले. समारोपाची उपासना झाली ती ग्रोसम्युन्स्टरमध्ये, म्हणजे झ्विंग्लीच्याच चर्चमध्ये. जिथे मान्झला बुडवले त्या लिम्मातच्या काठावर २००४ पासून एक दगडी पाटी आहे. सोहळा मोठा झाला, भाषणे झाली, गाणी अनेक भाषांत झाली. अध्यक्ष हेंक स्टेनफर्स हे नेदरलँड्सचे, सरचिटणीस गार्सिया कोलंबियाचे. पुढचे अधिवेशन २०२८ मध्ये इथिओपियात भरवायचे ठरले आहे. यजमान आहे तीच मेसेरेते क्रिस्तोस मंडळी, जी दहा वर्षे स्वयंपाकघरांत आणि मागच्या खोल्यांत भरत होती.